एमजीबीचं ऑइल घरच्या घरी कसं बदलायचं (आणि पेव्हर ब्लॉक कसे वाचवायचे)

माझ्या एमजीबीचं ऑइल मी पहिल्यांदा स्वतः बदललं त्या दिवशी आमच्या पार्किंगमधले आठ-दहा पेव्हर ब्लॉक काळे झाले ते आजपर्यंत तसेच आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून विषय निघतो. चूक फक्त एका रबरी रिंगची होती, बोटभर जाडीची पण नाही, आणि त्या रिंगबद्दल कोणी मला आधी नीट सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, रिंग आली की तिथे जरा जास्तच थांबणार आहे, कंटाळू नका.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. एमजीबी म्हणजे दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० बनली. माझी १९६६ ची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, आहे. नाशिकला ही गाडी घेऊन निघालो की सिग्नलला लोक "कितीला पडली" विचारतात आणि गॅरेजवाले बॉनेट उघडायच्या आधीच हात जोडतात, इम्पोर्टेड आहे, आपल्याच्याने नाही होणार म्हणून. खरी गंमत अशी की त्या बॉनेटखाली काय आहे ते आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांना झोपेतसुद्धा खोलता येतं. बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन. ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं ते याच घराण्यातलं, एमजीबीचं १७९८ सीसी, म्हणजे मोठा भाऊ म्हणा. सारडा सर्कलकडचे एक म्हातारे मिस्त्री, ज्यांनी उभं आयुष्य नाशिक-मुंबई टॅक्स्या केल्या, त्यांनी माझी गाडी पाहिली, बॉनेट उघडलं, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "अहो भाऊ, ही तर आपलीच बाई आहे, फक्त लुगडं बदलून आलीये." तेव्हापासून माझी भीती गेली. तुमच्याकडे एमजीबी नसेल, दुसरी कुठली जुनी ब्रिटिश गाडी असेल तरी पुढचं बरंचसं लागू पडेल, आणि ॲम्बॅसेडर असेल तर मग काय, घरचंच कार्य.

आता ऑइल कुठलं टाकायचं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं साधं आहे, वीस-पन्नास मिनरल. म्हणजे २०डब्ल्यू-५०. हे इंजिन ज्या काळात डिझाइन झालं तेव्हा बेअरिंग आणि जर्नलमधली (बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग) फट आजच्या गाड्यांपेक्षा जास्त ठेवायचे, त्यात आजच्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ शून्य-वीस ऑइल घातलं तर प्रेशरच बनत नाही, आणि जिथून तिथून पाझरायला लागतं ते वेगळंच. पुढचा डब्ल्यूवाला आकडा थंडीतला, मागचा गरम झाल्यावरचा. परदेशात बर्फात गाडी चालवणारे २० आकड्याला घाबरतात, आपल्याला काय फरक पडतो, निफाडला पारा पाच-सहावर गेला म्हणून पेपरात बातमी येते तेवढीच आपली थंडी, आणि एप्रिलमध्ये चाळीस. या हवेला वीस-पन्नास अगदी फिट्ट बसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे झिंक. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा लोब, म्हणजे उंचवटा, टॅपेटच्या सपाट तोंडावर घासत जातो, मध्ये रोलर वगैरे काही नाही. त्या जागी धातू धातूला खाऊ नये म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक ॲडिटिव्ह असतं, झेडडीडीपी म्हणतात त्याला. नवीन गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी केलंय कारण त्याने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. आपल्या गाडीला कन्व्हर्टरच नाही तर आपण का सोसायचं. जाड ग्रेडच्या ऑइलला ती मर्यादा तितकी कडक नसते, हेही वीस-पन्नास घ्यायचं एक कारण. बुलेटवाल्यांच्या कृपेने हे ग्रेड आपल्याकडे अजून सहज मिळतं. कॅस्ट्रॉल जीटीएक्स तर १९६८ ला बाजारात आलेलं, म्हणजे या गाडीच्याच पिढीतलं नाव. ब्रँडवर माझा फार जीव नाही, पण डब्याचं सील आणि झाकणाची रिंग बघून घ्या. मला एकदा एका दुकानात सीलबंद म्हणून दिलेल्या डब्याचं झाकण आधीच फिरवलेलं निघालं, परत द्यायला गेलो तर उलट मलाच सुनावलं. तेव्हापासून दुकानातच, काउंटरवरच डबा उलटा-सुलटा करून बघतो, लाज नाही वाटत.

किती लागतं? फिल्टर धरून साधारण चार लिटरच्या आसपास, ऑइल कूलर असेल तर थोडं वर. पाच लिटरचा डबा घ्या, उरलेलं पुढे टॉप-अपला लागतंच, या गाड्या थोडं ऑइल पितातच.

बाकी सामान: ऑइल फिल्टरचा कागदी एलिमेंट रिंगांसकट, चेंबरच्या (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) बुचाचा नवीन तांब्याचा वायसर, सहा-सात लिटरचा पसरट टब (मी जुनं कपडे धुवायचं प्लास्टिकचं घमेलं वापरतो), नरसाळं, वेस्ट कॉटन, जुने पेपर, एक जाड पुठ्ठा, आणि पाने. पाने इंची लागतील हे ध्यानात ठेवा. या गाडीवर एमएमचे पाने चढवायचे नाहीत. "बसतोय की" म्हणून जो पाना बसतो तोच बुचाचे कोपरे गोल करतो, आणि एकदा कोपरे गेले की पुढचा प्रवास छिन्नी-हातोडीचा. ॲम्बॅसेडर करणाऱ्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीकडे इंची रिंग पाना आणि गोटी पाना असतोच, नसेल तर एक दिवसासाठी मागून आणा.

गाडी गरम करा, पण उकळू नका

थंड ऑइल काढायचं नाही. गाळ तळाशी बसलेला असतो, तो तसाच राहतो आणि नवीन ऑइल काळं करतो. मी सकाळी लवकर गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जातो, धबधब्यापाशी चहा घेतो, परत येतो. तेवढं बास होतं. घरी आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं आणि तुमचा हातही भाजत नाही. एक्झॉस्टचा पाइप मात्र तेवढ्या वेळात गार होत नाही, त्याला मनगट लागलं की आठवडाभर आठवण राहते.

गाडी उचलणं. एमजीबी इतकी खाली बसते की आमच्या गेटसमोरचा स्पीड ब्रेकर मी तिरका घेतो, त्यामुळे जॅक लावल्याशिवाय खाली शिरताच येत नाही. सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, पुढचा क्रॉसमेंबर (पुढच्या चाकांमधला आडवा लोखंडी भाग) जॅकने उचला आणि दोन्ही बाजूला घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपायचं नाही. एरवी मी कोणाला उपदेश करत नाही पण इथे करतो. घोड्या नसतील तर काम उद्यावर टाका, भाड्याने मिळतात, गॅरेजवाला ओळखीचा असेल तर फुकटही देतो. घोड्यांवर ठेवल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

बुच

वर बॉनेट उघडून रॉकर कव्हरचं ऑइलचं झाकण आधी काढून ठेवा, हवा आत गेली की ऑइल गटगट न करता सरळ धारेने येतं. आता खाली. एक मिनिट, बुच उघडायच्या आधी तुम्ही इंजिनच्या चेंबरखाली आहात का गिअरबॉक्सखाली ते नक्की करा. हसू नका, होतं असं. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पण इंजिन ऑइलच असतं, त्यामुळे चुकीचं बुच उघडलं तरी बाहेर येणारं ऑइल बघून शंका येत नाही, आणि मग माणूस इंजिनात दुप्पट ऑइल आणि कोरडा गिअरबॉक्स घेऊन त्र्यंबकला निघतो. इंजिनचा चेंबर पुढे असतो, क्रॉसमेंबरच्या मागे, पत्र्याचा रुंद डबा.

पाना लावून एक झटका, मग हाताने फिरवा, बुचाला वरच्या दिशेला दाबून धरत फिरवा म्हणजे आटे संपेपर्यंत ऑइल सुटत नाही, आणि शेवटी पटकन हात काढून घ्या. पहिली धार लांब पडते, टब त्या हिशेबाने ठेवा. धार कमी होत जाईल तसा टब मागे सरकवा. मग अर्धा तास ठिबकू द्या. घाई करून काही मिळत नाही, मी तोवर फिल्टरला हात घालतो.

या वेळात जुन्या ऑइलकडे जरा बघा, कारण इंजिनच्या आत काय चाललंय ते डॉक्टरांच्या रिपोर्टसारखं त्यात लिहिलेलं असतं. काळं आहे? असूच दे, ऑइलचं कामच ते. दोन बोटांत घेऊन चोळा आणि उन्हात धरा. तांबूस-सोनेरी चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा तांब्याचा दिसायला लागलाय, ते लांबवू नका. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइल पातळ वाटत असेल तर एसयू कंपनीच्या कार्बोरेटरचा फ्लोट ओव्हरफ्लो होतोय किंवा तुम्ही चोक ओढून ठेवून विसरताय. दुधाळ, चहाच्या सायीसारखं झालं असेल तर पाणी मिसळतंय, हेड गॅस्केट. पण झाकणाच्या आतल्या बाजूला थोडीशी पिवळी साय पावसाळ्यात दिसली तर लगेच घाबरू नका, गाडी जवळच्या जवळच फिरवली की दमट हवेचं पाणी साचतं, एक लांब चक्कर मारली की जातं.

बुच पुसा, त्याचे आटे बघा, जुना तांब्याचा वायसर काढून नवीन घाला. आयत्या वेळी नवीन नसेल तर जुना गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि परत बसतं, ही मिस्त्रींची युक्ती. स्वयंपाकघरातला चिमटा वापरला तर घरात सांगू नका. बुच आधी हाताने तीन-चार आटे बसवा, मग पाना. जोर किती? पाना जवळ धरून, मनगटाने, शेवटी एक थांबवून दिलेला दाब. पायाने किंवा पाइप लावून अजिबात नाही, चेंबर पत्र्याचा आहे, आटे गेले तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही.

फिल्टर, म्हणजे खरी लढाई

इंजिनच्या उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या बाजूला, एक धातूचा डबा लटकलेला दिसेल, खालून लांब बोल्ट आत गेलेला. हा कॅनिस्टर. नंतरच्या एमजीबींमध्ये हा उलटा, तोंड खाली आणि बूड वर करून आला आणि मग पुढे आजच्यासारखा फिरवून काढायचा आख्खा फिल्टर आला. तुमच्याकडे तो शेवटचा प्रकार असेल तर तुम्ही नशीबवान, जुना काढा, नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावा, हाताने घट्ट करा, झालं, पुढच्या भागाकडे जा. आम्ही लटकत्या डब्यावाले.

टब खाली ठेवा, डबा ऑइलने भरलेला असतो. बोल्ट सैल करा, डबा एका हाताने खालून धरा आणि बोल्ट पूर्ण सुटला की सरळ खाली घ्या. वाकडा केला की अर्धा कप ऑइल कोपरापर्यंत. आत जुना एलिमेंट असेल, त्याच्याखाली एक लोखंडी चकती, वायसर, आणि तळाशी स्प्रिंग. हे सगळं बाहेर काढताना पेपरवर ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. कितीदा केलं असलं तरी काढा. पुष्कळदा चकती जुन्या एलिमेंटच्या बुडाला चिकटून येते आणि लोक ती एलिमेंटसकट कचऱ्यात टाकतात, मग स्प्रिंग नव्या कागदी एलिमेंटला सरळ भोसकते. डबा रॉकेल किंवा डिझेलने धुवा, तळाशी काळा चिकट गाळ निघेल, कोरडा पुसा.

आता रिंग. डबा वर जिथे बसतो तिथे इंजिनला एक गोल खाच आहे, त्या खाचेत जुनी रबरी रिंग बसलेली असते. वर्षानुवर्षं गरम होऊन ती इतकी कडक आणि काळी झालेली असते की खाचेचा तळच वाटतो. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, धातूसारखं. मी पहिल्यांदा हेच समजलो. म्हटलं रिंग नाहीचे, डब्याबरोबर पडली असेल कुठेतरी, आणि नवीन रिंग त्या जुनीच्या वर बसवली. डबा चढला, बोल्ट घट्ट झाला, सगळं छान दिसत होतं. गाडी सुरू केली. हा पंप गरम इंजिनला चालताना ५० ते ८० पीएसआय प्रेशर देतो आणि थंड ऑइलला अजून जास्त, वरची रिंग एका बाजूने पिचकारीसारखी बाहेर आली आणि मला चावी बंद करायला जे तीन-चार सेकंद लागले तेवढ्यात एक लिटरभर नवं कोरं ऑइल जमिनीवर. शेजारचे काका पेपर वाचत होते, ते पेपर खाली करून म्हणाले "झालं वाटतं बदलून."

तर, टॉर्च घ्या, छोटा आरसा घ्या, आणि खाच बघा. मोठी सुई किंवा साडीची पिन घ्या, तिचं टोक थोडं वाकवा आणि खाचेत घालून टोचून बघा. टोक रुतलं तर ते रबर आहे. एका जागी वर उचका आणि हळूहळू गोल ओढत या. तुटली तर तुकडे तुकडे काढा, वैताग न करता. एक निघाली म्हणून थांबू नका, परत टोचा, माझ्या आधीच्या मालकाच्या मिस्त्रीनेही माझ्यासारखंच केलेलं होतं आणि माझ्या खाचेतून शेवटी दोन निघाल्या. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, खाचेला ओरखडा पडला की तिथून कायमचं पाझरतं. शेवटी वेस्ट कॉटनच्या टोकाने खाच पुसा, आरशात तळाचा धातू चमकला पाहिजे.

एलिमेंटबरोबर बहुतेक वेळा दोन-तीन वेगवेगळ्या रिंगा येतात, कारण वेगवेगळ्या गाड्यांना एकच किट. जी निघाली तिच्याशी घेर आणि जाडी जुळवा. नव्या ऑइलचं बोट लावून ती खाचेत बोटानेच दाबत गोल बसवा, कुठे पीळ नको. मग डब्यात स्प्रिंग, वायसर, चकती, एलिमेंट असं फोटोतल्या क्रमाने, आणि डबा वर चढवून बोल्ट हाताने लावा. बोल्ट घट्ट होत असताना डबा दुसऱ्या हाताने थोडा थोडा डावी-उजवीकडे फिरवत राहा, तो रिंगेवर सरळ बसतोय का ते हातालाच कळतं. नीट बसला की फिरणं एकदम जड होतं. वाकडा असेल तर एका बाजूला फट वाटते. मग पान्याने बेताचा घट्ट. बोल्टच्या डोक्याखालचा वायसरही नवा टाका.

हे सगळं नको असेल तर फिरवायचा फिल्टर बसवायचं अडॅप्टर मिळतं, पुष्कळ लोक ते लावून मोकळे होतात आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी लावलं नाही, आता त्या खाचेशी माझं वैयक्तिक वैर आहे.

आणि फ्लशिंग. गॅरेजमध्ये हमखास सांगतात, जुनं इंजिन आहे, डिझेल टाकून पाच मिनिटं चालवू, आतून लख्ख होईल. नको. साठ वर्षांच्या इंजिनात जो गाळ जिथे बसलाय तिथे तो निवांत आहे, डिझेलने सुटला की ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसणार आणि प्रेशर पाडणार. त्यापेक्षा ऑइलच लवकर लवकर बदला, दोन-तीन बदलांत हळूहळू आपोआप साफ होतं. मी ५ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलतो, जे आधी होईल ते, आणि खरं सांगायचं तर वर्षच आधी होतं.

भरणं आणि सुरू करणं

बुच लागलंय ना, एकदा हात लावून बघा. मग साडेतीन लिटर नरसाळ्याने वरून हळू ओता. गाडी घोड्यांवरून खाली घ्या, सपाटीला आली की दहा मिनिटांनी ऑइल मोजायची दांडी काढून पुसून परत घालून बघा आणि वरच्या खुणेच्या जरा खाली येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइल फिरता क्रँक घुसळून फेस करतो आणि मग सगळ्या सीलमधून बाहेर.

लगेच चावी फिरवून गाडी सुरू करायची नाही. फिल्टरचा डबा रिकामा आहे, बेअरिंगला ऑइल पोचायला वेळ लागणार. डिस्ट्रिब्युटरला पॉइंट्ससाठी जाणारी बारीक वायर काढून ठेवा म्हणजे स्पार्क येत नाही, आणि स्टार्टर आठ-दहा सेकंद फिरवा, थोडं थांबा, परत फिरवा. डॅशबोर्डवरच्या स्मिथ्स कंपनीच्या गेजचा ऑइलचा काटा हलला की समजा पोचलं. वायर लावा, सुरू करा, आयडलिंगला ठेवा आणि काट्याकडे नाही, खाली बघा. कोणीतरी एक माणूस फिल्टरकडे टॉर्च मारून बसलेला हवा आणि तुमचा हात चावीवर. माझ्याकडे हे काम आता मुलगी करते, तिचा एकच शब्द ठरलेला आहे, "बंद!" दोन मिनिटं कोरडं राहिलं की जिंकलो. मग बंद करून पाच मिनिटांनी परत दांडी, फिल्टरने जेवढं घेतलं तेवढं वाढवा. गाडी पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला काटा १० ते २५ च्या मध्ये उतरतो, त्याने दचकू नका, आरपीएम वाढवला की वर गेला पाहिजे.

बॉनेट उघडंच आहे तर एसयू कार्बोरेटरच्या दोन्ही पितळी टोप्या फिरवून डॅम्परमध्ये हेच ऑइल थोडं थोडं घाला, पाच मिनिटांचं काम, ॲक्सिलरेटर दाबल्यावरचा धक्का गेला म्हणून समजा.

जळक्या ऑइलचं काय? ड्रेनेजमध्ये किंवा नासर्डीच्या काठावर ओतू नका, तिथून ते गोदावरीतच जातं. तो घातक कचऱ्यात मोडणारा माल आहे. त्याच ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरा, झाकण लावा आणि मोठ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या, त्यांच्याकडे जळकं ऑइल पिंपात जमतं आणि रिसायकलवाले घेऊन जातात. गावाकडून कोणी दाराला, खांबाला वाळवी लागू नये म्हणून मागेल, शटरिंगवालेही मागतात, मी देत नाही, ते शेवटी मातीतच जातं. आणि हात धुताना आधी थोडं गोडं तेल चोळा, पेपरने पुसा, मग साबण. रॉकेलने धुतले की रात्री पोळीलाही वास येतो.

सांडलंच तर लाकडाच्या वखारीतून भुसा आणून जाड थर टाका, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. लगेच केलं तर डाग निम्मा जातो. मी दुसऱ्या दिवशी केलं होतं.

शेवटचं काम पुठ्ठ्याचं. रात्री गाडीखाली तो पसरा, त्यावर पेनने पुढची बाजू कुठली आणि चाकं कुठे आहेत ते लिहा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघा. फिल्टरखाली असेल तर रिंग परत बघावी लागेल, बुचाखाली असेल तर वायसर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली एक-दोन थेंब असतील तर ते मागचं सील, ते आधीपासून होतंच आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं, म्हणून मी त्या जागी पुठ्ठा कायमचाच ठेवलाय, दर महिन्याला बदलतो.